कुणी नसतानाचा आवाज

“...मग हा बोलतोय तो कोण?” भन्तेंनी विचारलं.

समोर बसलेल्या तरुणाचे ओठ मिटलेले होते. आवाज आला होता त्याच्या मांडीवरच्या फोनमधून. स्वच्छ, ठाम, कुठेही न अडखळणारा.

तरुणाने फोनवर बोटं चालवली.

“मीच,” फोन म्हणाला. “माझ्याच आवाजाचे तुकडे आहेत. मी लिहितो, तो बोलतो.”

“अस्सं.”

भन्ते फोनकडे न बघता तरुणाच्या तोंडाकडे बघत राहिले.

जुन्नरच्या बाजूला लेण्यांच्या एका डोंगराखाली पत्र्याचं छप्पर घातलेला लहानसा विहार होता. भन्ते उपसीव तिथे एकटेच राहत. सत्तरी ओलांडली होती. चीवर घेण्याआधी तीस वर्षं ते एका एसटी स्थानकावर गाड्या पुकारायचे. अमुक गाडी अमुक फलाटावर लागत आहे, एवढंच काम. आता ते फारसं बोलत नसत.

तरुणाचं नाव कुलदीप. पुण्यात राहायचा, फोनवर चालणारी संगीताची ॲप बनवायचा. त्यांतलं एक बरंच गाजलं होतं. त्याचं नाव ‘ठेच’. त्यात कुठलाही आवाज घालावा, गाणं म्हणा, दाराची करकर म्हणा, कुकरची शिट्टी म्हणा. ते ॲप त्याचे बारीक तुकडे करायचं, एखाद्या तुकड्यावर अडकून बसायचं, तोच पुन्हा पुन्हा वाजवायचं, मध्येच अर्धा गिळायचं. ऐकणाऱ्याला आधी वाटायचं, फोन बिघडला. मग हळूहळू त्या अडखळण्यातूनच ताल उभा राहायचा.

त्या रविवारी तो फुगे घेऊन आला होता. मोठ्या लेण्यात फुगा फोडायचा आणि त्याचा घुमारा टिपायचा, म्हणजे मग ॲपमधला कुठलाही आवाज त्या दगडी दालनात वाजल्यासारखा करता येतो. पण वर सहलीची माणसं होती, त्यांचा कलकलाट चालला होता. ऊन चढलं की ती उतरतील, असं खालच्या पहारेकऱ्याने सांगितलं. म्हणून कुलदीप विहाराच्या सावलीत येऊन टेकला होता.

“नाव काय तुझं?” भन्तेंनी विचारलं.

बोटं फिरली.

“कुलदीप,” फोन म्हणाला.

“त्याला नाही विचारलं.”

...

कुलदीप हसला. असं बोलणारी माणसं त्याला नवी नव्हती. त्याने ॲपमधला एक चौकोन दाबला आणि फोन भन्तेंच्या पुढे चटईवर ठेवला.

आधी नुसता एक ‘क’ आला. मग पुन्हा ‘क’. घशात अडकलेला, बाहेर येण्यासाठी धडपडणारा. मग क-क-क अशी माळ लागली, तिच्याखाली श्वासाचा एक तुटका तुकडा फिरत राहिला, आणि ‘कु’ ‘कु’ करत ते सगळं ठेक्यात आलं. कुणी कामाला लागल्यासारखं. चार मिनिटं ते वाजत होतं. शब्द शेवटपर्यंत पुरा झाला नाही.

भन्तेंनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

“हे पण तूच?”

“मीच,” फोन म्हणाला. “मी तोतरा आहे. शाळेत याला पोरं हसायची. वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणता यायचं नाही, तर सर गैरहजेरी लावायचे. आता याच आवाजाला हॉलभर माणसं श्वास धरून बसतात. परदेशातून लोक लिहितात. मी त्यातून काहीतरी घडवलं, भन्ते.”

“घडवलंस खरं,” भन्ते म्हणाले. “चांगलं आहे.”

कुलदीपची मान थोडी ताठ झाली.

“टाळ्या झाल्यावर काय करतोस?”

“म्हणजे?”

“लोक भेटायला येत असतील. त्यांच्याशी काय बोलतोस?”

...

फोन काही बोलला नाही, कारण कुलदीपने काही लिहिलंच नाही.

कार्यक्रम संपला की तो वायरी गुंडाळायचा आणि मागच्या दाराने निघून जायचा. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं बरंच होतं. पुण्यात पहिल्यांदा होस्टेलवर आला तेव्हा खोलीतल्या मुलाने नाव विचारलं होतं. हा “कु... कु...” करत राहिला. “कुणाल?” त्या मुलाने मदत केली. याने मान हलवली. मग पूर्ण वर्षभर तो कुणाल होता. हाक आली की ओ द्यायचा. हॉटेलात त्याला मिसळ हवी असायची, पण ‘म’ आडवा यायचा. इडली म्हणता यायचं, म्हणून तो इडली खायचा. त्याला इडली आवडत नव्हती.

माणसं चांगलीच होती. त्याचा शब्द अडकला की लगेच पुरा करून द्यायची. हातातलं ओझं घ्यावं तसा शब्द काढून घ्यायची आणि पुढे चालायला लागायची.

“मग हा दुसरा आवाज...” भन्तेंनी फोनकडे बोट केलं. “तो सरळ बोलणारा. त्यात कुणाशी बोलतोस?”

या वेळी कुलदीप बराच वेळ लिहीत राहिला.

“वडिलांशी,” फोन म्हणाला. “दर रविवारी त्यांचा फोन येतो. तासगावकडे आमचं गाव आहे. अण्णांची पिठाची गिरणी आहे. आई होती तेव्हा फोनवर तीच असायची. माझं एक वाक्य व्हायला पाच मिनिटं लागली तरी तिला चालायचं, ती तिकडे भाजी निवडत असायची. तीन वर्षांपूर्वी आई गेली. मग अण्णा फोन करायला लागले. मी अडकलो की त्यांना वाटायचं, मला रडू येतंय. तेही गप्प व्हायचे. मग म्हणायचे, बरं, ठेवतो. तिकडे घरात ते एकटे आणि इकडे खोलीत मी. म्हणून हा आवाज बनवला. पहिल्या रविवारी मी दहा मिनिटं सलग बोललो. अण्णा ओरडलेच आनंदाने. गावभर सांगितलं त्यांनी, कुलदीप सुधारला म्हणून.”

फोन हे सगळं एका लयीत म्हणाला. आई गेली हेसुद्धा त्याच लयीत.

“त्यांना माहीत नाही?”

कुलदीपने मान हलवली. नाही.

“कसा बनवलास?”

“खोलीत बसून वर्तमानपत्र वाचलं. मोठ्याने, अकरा दिवस. सगळं टिपून घेतलं आणि त्याचे तुकडे केले.”

“आणि वाचताना अडकला नाहीस?”

“एकटा असलो की मी अडखळत नाही, भन्ते.”

“कधीच?”

“कधीच नाही. खोलीत कुणी नसलं की मी तुमच्याआमच्यासारखाच बोलतो. दार वाजलं की संपलं.”

वरून सहलीच्या माणसांचा हसण्याचा आवाज आला. कुणीतरी आपलंच नाव मोठ्याने घेऊन दगडातून परत येतं का ते बघत होतं.

“म्हणजे हा...” भन्ते सावकाश म्हणाले, “कुणी नसतानाचा आवाज.”

...

“आणि वडिलांना तू तोच ऐकवतोस.”

कुलदीपचा चेहरा लाल झाला. बोटं भराभर चालली.

“त्यांना तोच आवडतो. तो आल्यापासून ते माझ्याशी बोलतात. तुम्हाला काय माहीत, भन्ते? तुम्ही तर तीस वर्षं कर्ण्यावरून बोललात, पहारेकरी सांगत होता. सगळा स्टँड गुमान ऐकायचा.”

“ऐकायचा,” भन्ते म्हणाले. “गावाला कधी गेला होतास?”

बोटं थांबली. कुलदीपने दोन बोटं वर केली.

“दोन महिने झाले?”

त्याने मान हलवली.

“दोन वर्षं?”

कुलदीप खाली चटईकडे बघत होता. अण्णा दर वेळी म्हणायचे, ये, शाळेत कार्यक्रम ठेवतो, चार शब्द बोल पोरांसमोर. दर वेळी फोन सांगायचा, अण्णा, काम आहे. फोनला कारणं सांगताना काही त्रास व्हायचा नाही. गेलो तर घरात तोंड उघडावं लागेल. आणि गावात तर तो सुधारलेला कुलदीप आधीच जाऊन राहिला होता.

भन्तेंनी चीवर खांद्यावर नीट केलं.

“माझी नोकरी संपत आली तेव्हा माझा आवाज टिपून ठेवला त्यांनी,” ते म्हणाले. “गावांची नावं वेगळी, आकडे वेगळे, ‘लागत आहे’ वेगळं, ‘सुटत आहे’ वेगळं. मशीन ते जोडायचं. मी घरी बसलो तरी आवाज कामावर जायचा. मला मोठं कौतुक वाटायचं. एकदा हिला घेऊन लग्नाला निघालो होतो. स्टँडवर बाकड्यावर बसलो. हिनं विचारलं, आपली गाडी कुठं लागते हो? मी म्हणालो, पाचला लागते. हिनं माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, थांबा जरा, सांगतील ना... आणि वर कर्ण्याकडे बघत बसली.”

कुलदीपने वर पाहिलं.

“मग?” फोनने विचारलं.

“मग कर्णा म्हणाला, फलाट क्रमांक पाच. तेव्हा उठली.”

भन्ते हसले नाहीत. कुलदीपही हसला नाही.

पत्रा उन्हाने तापून मधूनच कड् करत होता.

“नाव काय तुझं?” भन्तेंनी पुन्हा विचारलं.

कुलदीपचा हात फोनकडे गेला. अर्ध्यावर थांबला. मग त्याने तो मांडीखाली दाबून धरला आणि तोंड उघडलं.

“क...”

गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. डोळे मिटले गेले. हनुवटी वर जात राहिली.

“क... क...”

त्याने डोळे उघडून भन्तेंकडे पाहिलं. इथेच माणसं शब्द पुरवायची. भन्तेंना तर नाव माहीतही होतं. पण त्यांचे ओठ हलले नाहीत. त्यांनी मान डोलावून धीर दिला नाही, सावकाश असं म्हटलं नाही, नजर दुसरीकडे वळवली नाही. ते नुसते बसून होते.

“कु... कु...”

डोंगरावरून काही माणसं खाली उतरली. विहारासमोरून जाताना एका बाईने आत पाहिलं, थबकली आणि पुढे गेली. कुलदीपच्या कपाळावर घाम आला होता. एकदा तो उठायलाच निघाला होता. पुन्हा बसला.

“कु... कुल... दीप.”

“कुलदीप,” भन्ते म्हणाले.

कुलदीपला धाप लागली. लांबून पळत आल्यासारखी.

तेवढ्यात फोन वाजला.

पडद्यावर ‘अण्णा’ असं नाव होतं. रविवारची गिरणी बंद, अण्णांची फोनची वेळ. कुलदीपने सवयीने ॲप पुढे घेतलं. लिहायची जागा उघडली. मग त्याने भन्तेंकडे पाहिलं.

भन्ते जागचे हलले नाहीत.

कुलदीपने फोन कानाला लावला. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याने तो कानाला लावला होता.

“हॅलो! कुलदीप! जेवलास का रं?”

गिरणीच्या घरघरीत आयुष्य गेलेला माणूस. आवाज बाहेरही स्पष्ट ऐकू येत होता.

“अ...”

“हॅलो?”

“अ... अ...”

“हॅलो! लाईन गेली वाटतं.” आणि फोन बंद झाला.

लगेच पुन्हा वाजला.

“हां, आता येतोय का आवाज? कुलदीप?”

“अ... अ... अ...”

“तुटतोय रं आवाज. अडकल्यागत येतोय. जरा रेंजात ये, मग लाव.” पुन्हा बंद.

कुलदीप फोन हातात धरून बसला. तो आता वाजणार नव्हता. मनात आलं, इथे सोडून द्यावं. संध्याकाळी पुण्यात खोलीवर जाऊन त्या दुसऱ्या आवाजात सांगावं, अण्णा, मी डोंगरात होतो, रेंज नव्हती. अण्णा मानतील. ते सगळंच मानत आले होते.

त्याने भन्तेंकडे पाहिलं. भन्तेंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, होही नाही आणि नकोही नाही.

कुलदीपने स्वतः फोन लावला.

“हां, बोल!”

“अ... अण्णा.”

“...”

“ला... ला... लाईन... चां... चांगली आहे.”

पलीकडे काहीच आवाज नव्हता. कुलदीपने फोन कानापासून काढून बघितला. चालू होता. सेकंद पुढे सरकत होते.

“कुलदीप?” अण्णांचा आवाज एकदम खाली आला होता.

“हं.”

“तूच का रं?”

“हं.”

“मग इतके दिस... ते कोण...”

“म... मशीन.”

लांबवर कुठेतरी त्या गावातलं एक कुत्रं भुंकलं, तेही फोनमधून ऐकू आलं.

“मी गावभर सांगून बसलो की रं,” अण्णा म्हणाले. रागाने नाही. वाटेत हातातली वस्तू हरवली हे घरी येऊन कळावं, तसे म्हणाले.

कुलदीपच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शब्द येईना.

“रडतोस का बोलतोस?” अण्णांनी विचारलं.

“दो... दो... दोन्ही.”

“बरं,” अण्णा म्हणाले. मग थोडा वेळ गेला. ‘ठेवतो’ आता येईल म्हणून कुलदीपने डोळे मिटून घेतले. “बरं... बोल मग. आज गिरणी बंदच हाय.”

आणि कुलदीप बोलायला लागला.

त्याला सांगायचं होतं ते चार वाक्यांचं होतं. फोनने ते अर्ध्या मिनिटात उरकलं असतं. आवाज का बनवला, कसा बनवला, घरी का आलो नाही, आणि आई गेल्यावर त्या घरात पाऊल टाकायची भीती वाटते, ती बोलण्याची भीती नाही, दुसरीच आहे. हे शेवटचं त्याने आजवर त्या मशीनलाही लिहून दिलं नव्हतं.

मध्ये एकदा अण्णांना राहवलं नाही.

“...फ... फ... फस...”

“फसवलं म्हणायचंय का?” अण्णा म्हणाले, आणि लगेच, “नाही नाही. तूच म्हण. तू म्हण.”

“फस... फसवलं नाही... अण्णा. ए... एकटं... वाटायचं. तु... तुम्हाला पण... वाटत असेल... म्ह... म्हणून.”

“वाटतं की,” अण्णा म्हणाले.

एवढंच म्हणाले. मग कितीतरी वेळ दोन्हीकडून नुसते श्वास चालू होते. कुणीच फोन ठेवला नाही.

“शनिवारी ये,” शेवटी अण्णा म्हणाले. “शाळेचं राहू दे. लोकांचं बघतो मी. तू आपला घरी ये.”

“ये... येतो.”

“बरं. ठेवतो.”

फोन बंद झाल्यावर कुलदीप कितीतरी वेळ भिंतीला टेकून बसला. त्याचे जबडे दुखत होते. वर लेण्यात आता एकही माणूस उरलं नव्हतं. डोंगर शांत होता. तो उठून वर गेला नाही.

पाणी पिण्यासाठी तो कोपऱ्यातल्या माठाकडे वळला, तेव्हा त्याला माठाशेजारी कापडाने बांधलेला डबा दिसला. गाठ तशीच होती. गावातून कुणीतरी सकाळी भन्तेंसाठी जेवण आणून ठेवलं होतं.

त्याने घड्याळ पाहिलं. पावणेएक.

बाराच्या पुढे भिक्खू जेवत नाहीत, एवढं त्याला माहीत होतं. आता या म्हाताऱ्या माणसाच्या पोटात उद्या सकाळपर्यंत काही जाणार नव्हतं. आणि सगळा वेळ ते त्याच्यासमोर मांडी घालून बसून होते.

तो तसाच भन्तेंपुढे आला. गुडघ्यांवर बसला. फोन त्याने खिशातून काढला नाही.

“भ... भन्ते... तु... तुमचं... जे... जेवण...”

भन्ते त्याच्याकडे बघत होते.

“मा... माझ्या... माझ्यासाठी... तु... तुम्ही इतका वेळ... थां... थां... थांबलात.”

वाक्य पुरं होईपर्यंत भन्ते काही बोलले नाहीत.

“थांबलो होतो कुठं?” ते म्हणाले. “मी तर ऐकत होतो.”